बाजा आमचा, वरात लोकांची

बँड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वरात उभी राहते. लाल किंवा निळी वर्दी, खांद्यावर सोनेरी झालर, गॅसबत्तीच्या उजेडात चमकणारे पितळ आणि पुढे नाचणारी तरुण पोरे. नाचणाऱ्यांचे चेहरे आपल्याला आठवतात. वाजवणाऱ्यांचे चेहरे मात्र कोणाला आठवत नाहीत. त्यांची नावे तर लग्नपत्रिकेतही नसतात आणि इतिहासाच्या पुस्तकातही नसतात. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. राजांच्या सनावळ्या मुलांकडून पाठ करून घेतो. ही न लिहिलेली नावे गेली काही वर्षे आमच्या मनाला टोचत आहेत. त्यासाठी हा लेखनप्रपंच.

या विषयाशी आमचे नाते पुस्तकी नाही. आमचे मामू खडकीला राहत आणि पुण्यातल्या एका बँड पार्टीत युफोनियम वाजवत. आम्ही स्वतः कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या बँडमध्ये तीन वर्षे ट्रोम्बोन वाजवला. मामूंचे वाजवणे आणि आमचे वाजवणे यांत सुरांचा फरक फारसा नव्हता. असलाच तर तो मामूंच्या बाजूने होता. पण आमचे वाजवणे 'शिस्त' ठरले आणि मामूंचे वाजवणे 'धंदा' ठरला. एकाच पितळेला दोन किमती कशा आल्या, याचा शोध घेता घेता आम्ही आमच्याच गावच्या रस्त्यावर येऊन पोहोचलो.

नगर रस्त्यावरची पावले

आमची सणसवाडी पुणे-नगर रस्त्यावर आहे. आज इथे कारखान्यांची रांग आहे, कामगारांच्या बसगाड्या आहेत, ट्रकची गर्दी आहे. एका बाजूला कोरेगाव भीमा, दुसऱ्या बाजूला शिक्रापूर आणि पुढे घोडनदीकाठचे शिरूर. दोनशे वर्षांपूर्वी शिरूरला इंग्रजांची मोठी छावणी होती. तिथे १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसच्या कबरीला आजूबाजूच्या खेड्यांतील लोक नवस बोलत, एवढी ती छावणी इथल्या मातीत मुरली होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री याच शिरूरहून कॅप्टन स्टाँटनची सुमारे आठशे माणसांची तुकडी पुण्याकडे निघाली आणि दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १८१८ ला, कोरेगावची लढाई झाली. त्या लढाईबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला इथे लढाईबद्दल नव्हे, तर पावलांबद्दल बोलायचे आहे.

कंपनी सरकारच्या प्रत्येक देशी पलटणीत ड्रम आणि बारीक बासरी (तिला ते 'फाइफ' म्हणत) वाजवणारे नेमलेले असत. कवायत शिकलेली फौज ड्रमच्या ठोक्यावर चाले, थांबे, वळे. आपल्याकडे फौजेत वाद्ये नव्हती असे नाही. नगारे होते, कर्णे होते, शहाजणे होती. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचा नगारखाना आजही उभा आहे. पण आपला नगारा सत्तेची खबर देई. सरदार आला, नौबत झडली, लोकांनी माना तुकवल्या. पाऊल मोजण्याचे काम नगाऱ्याकडे नव्हते. पावलाला मात्रा लावण्याची तऱ्हा युरोपी पलटणींबरोबर आली आणि शिरूर, खडकी, पुणे कॅम्प अशा छावण्यांमधून या मुलखात पसरली.

योगायोग असा की त्याच १८१८ साली बर्लिनमध्ये श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघा वादकांना पितळी वाद्याला बसवायच्या व्हॉल्व्हचे पेटंट मिळाले. तोवर बिगुलासारख्या वाद्यातून मोजकेच सूर निघत. व्हॉल्व्ह आले आणि पितळेच्या नळीतून सगळे बारा सूर वाजू लागले. पुढे १८४० नंतरच्या दशकात अडॉल्फ साक्सने लहानमोठ्या वाद्यांचे आख्खे कुटुंबच तयार केले. चालता चालता वाजवता येतील, उन्हापावसात टिकतील आणि साध्या शिपायालाही शिकवता येतील अशी ही वाद्ये होती. ब्रास बँड जगभर गेला तो यामुळे. इंग्रजांची पलटण जिथे गेली तिथे तो गेला. पलटणी हलल्या, साहेब मायदेशी गेले. बाजा आणि बाजा वाजवणारे इथेच राहिले.

नगारखान्यातून बँडमध्ये

हे वाजवणारे कोण होते? गोव्याचे ख्रिस्ती वादक होते. चर्चच्या शाळेत त्यांना लहानपणीच नोटेशन शिकायला मिळे. गावोगावच्या हलगी-सनई वाजवणाऱ्या जमातींतली माणसे होती. आणि आपली माणसे होती. दर्ग्यावर नौबत वाजवणारे, संस्थानिकांच्या पदरी असलेले नगारची, उस्तादांच्या घराण्यांतली मागे पडलेली पाती. आपल्यात 'नगारजी' हे आडनाव आजही आढळते. ज्याच्या आजोबाने दर्ग्याच्या दारावर नगारा झडवला, त्याच्या नातवाच्या हाती क्लॅरिनेट आले. वाद्य बदलले, पोटाची गरज तीच राहिली.

बडोद्याचे उदाहरण या बाबतीत फार मोलाचे आहे. बडोदे हे मराठी राजाचे संस्थान. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबख्श यांनी १८८६ साली तिथे गायनशाळा काढली. संगीत घराण्याच्या भिंतीआड न ठेवता वर्गात, फळ्यावर लिहून शिकवायचे, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. मौलाबख्शांनी त्यासाठी स्वतःची स्वरलेखन पद्धती तयार केली. त्यांचे चिरंजीव अलाउद्दीन खाँ पठाण यांना महाराजांनी पाश्चात्त्य संगीत शिकायला लंडनला पाठवले आणि परत आल्यावर संस्थानचे बँड त्यांच्या हाती दिले. मौलाबख्शांचे नातू म्हणजे पुढे युरोप-अमेरिकेत सूफी विचार पोहोचवणारे हजरत इनायत खान. मौलाबख्शांच्या गायनशाळेतूनच आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीत-नृत्य-नाट्याची विद्याशाखा वाढली. म्हणजे कॉलेजात बसून रीतसर संगीत शिकण्याची वाट ज्यांनी घातली, त्यांत एक मुसलमान उस्ताद आघाडीवर होता.

दुसरे नाव मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचे. पंडित रविशंकर आणि अली अकबर खाँ यांचे गुरू म्हणून त्यांना सगळे ओळखतात. परंतु तरुणपणी कलकत्त्यात लोबो नावाच्या गोवेकर बँडमास्तराकडे त्यांनी पाश्चात्त्य वाद्यांचे धडे घेतले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आलेल्या साथीत अनाथ झालेली मुले गोळा करून त्यांनी मैहर बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचे 'नलतरंग' नावाचे वाद्य बनवले. बंदुकीची नळी सुरात लावणारा हा माणूस पाच वक्त नमाजी होता.

तिसरे उदाहरण मेरठचे. तिथे १८८५ साली फौजेतले बँडमास्तर नादिर अली आणि त्यांच्या नात्यातले इमाम बख्श यांनी बँड सुरू केला आणि पुढे याच घराण्याने वाद्ये बनवायला घेतली. मेरठची जाली कोठी आजही पितळी बाज्यांचे माहेर आहे. आपल्या मिरजेत जसे शिकलगार घराण्यांनी सतार-तंबोऱ्याचे काम दीडशेहून अधिक वर्षे सांभाळले, तसेच मेरठच्या कारागिरांनी बाज्याचे. खेड्यातल्या वरातीत वाजणारे ट्रम्पेट पुष्कळदा कोणा मुसलमान कारागिराच्या हातोडीखालून आलेले असते.

मशिदीसमोरचा बाजा

आता अवघड जागी येतो. बाजा आणि मुसलमान हे दोन शब्द इतिहासात शेजारी येतात ते बहुधा दंगलीच्या प्रकरणात. १८९३ साली मुंबईत दंगल झाली. १८९४ साली पुण्यात मशिदीसमोर वाद्ये वाजवण्यावरून तंटा पेटला आणि सप्टेंबरात दारूवाला पुलाजवळ गणेशोत्सवातल्या मेळ्याच्या निमित्ताने मारामारी झाली. तोवर पुण्याच्या मोहरमात हिंदू बांधव मोठ्या संख्येने सामील होत, ताबुतांपुढे हिंदू वादक वाजवत. त्या वर्षी बहिष्काराची हाक आली आणि वादकांनी ताबुतांकडे पाठ फिरवली. सार्वजनिक गणेशोत्सव मोठा होत गेला, ताबूत लहान होत गेले. 'मशिदीसमोर बाजा' हे दोन शब्द पुढे देशभर भांडणाचे कारण ठरले.

हा इतिहास खरा आहे, पण तो निम्मा आहे. उरलेला निम्मा आमच्या मामूंच्या वहीत होता. त्या वहीत लग्नसराईच्या सुपाऱ्या उर्दूत लिहिलेल्या असत. कोणत्या तारखेला कोठे, विसार किती, माणसे किती. त्यात लग्ने होती, जयंत्या होत्या, उरूस होते आणि अनंत चतुर्दशीही होती. दर वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत मामू वाजवत. त्यांच्या पार्टीत निम्म्याहून अधिक माणसे आपली होती. मशीद जवळ आली की मास्तर हात वर करी, बाजा थांबे, नुसती पावले चालत. पुढच्या चौकात पुन्हा सूर लागे. हे कोणी शिकवावे लागत नसे. अजान कानावर आली तर मंडळाचा कार्यकर्ताच म्हणे, "चाचा, दोन मिनिटं थांबूया." पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत आजही 'प्रभात' आणि 'दरबार' या बँडांची नावे एका दमात घेतली जातात. एका बाजूने भांडणाचा इतिहास आहे, दुसऱ्या बाजूने पोटापाण्याचा आणि शेजाराचा. पहिला लिहिला गेला कारण त्याची फिर्याद झाली, पंचनामा झाला. दुसऱ्याची नोंद कोण घेणार?

दोन्हीकडून परके

पण शेजाराचे गोडवे गाऊन आपली जबाबदारी संपत नाही. बँडवाल्याला कमी लेखण्यात आपण कोणाच्या मागे नाही. वरातीच्या पुढे चालणारा हा माणूस मांडवाच्या दारात थांबतो. सगळ्यांच्या पंगती उठल्यावर त्याचे पान मांडले जाते, तेही बाजूला. गोऱ्या साहेबाची वर्दी त्याने घातली, पण साहेबाचा रुबाब त्याला मिळाला नाही. लोकांना त्यात विनोद दिसला. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात शिकवणाऱ्या ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने भारतीय वरातींच्या बँडवर २००५ साली 'ब्रास बाजा' हे पुस्तक लिहिले. वर्षानुवर्षे बँडवाल्यांमध्ये वावरून त्याने त्यांच्या हकिगती गोळा केल्या. परदेशातून येऊन एका माणसाला हे लिहावेसे वाटले आणि आपल्याला वाटले नाही, याची आम्हाला शरम वाटते.

आपल्या घरात तर हा माणूस दुहेरी परका. एकीकडे धंदा हलका, दुसरीकडे साज-बाजा जायज आहे की नाही हा मसला. उलेमांमध्ये या प्रश्नावर मतभेद पूर्वीपासून आहेत आणि त्यात निवाडा देण्याची आमची लायकी नाही. एवढेच सांगतो की आमच्या बहिणीसाठी आलेले एक चांगले स्थळ "मामा बाजेवाला आहे" एवढ्या कारणावरून परत गेले. त्या दिवशी मामूंनी काही बोलून दाखवले नाही. पुढे तिचे लग्न ठरले तेव्हा ते आले, आहेर दिला आणि वरात निघायच्या वेळी मशिदीत जाऊन बसले. बाजा वाजत होता. तो वाजवणारे त्यांचेच साथी होते.

आणि आम्ही? आम्ही याहून काय वेगळे होतो? कॉलेजात अर्ज भरताना घरातल्या मोठ्यांच्या व्यवसायापुढे आम्ही "खाजगी नोकरी" असे लिहिले. बँडमध्ये निवड झाली तेव्हा प्रशिक्षक सुभेदारांनी विचारले, "घर में कोई बजाता है?" आम्ही म्हणालो, "नहीं सर."

नळीतला सूर

त्यांनी आमच्या हाती ट्रोम्बोन दिला तो हात लांब म्हणून. हे वाद्य इतरांहून वेगळे आहे. याला कळा नाहीत. एका नळीत दुसरी नळी सरकते. ती जवळ ओढायची किंवा दूर ढकलायची. सगळी मिळून नऊ फुटांच्या आसपास नळी. सरकपट्टीच्या सात जागा असतात, प्रत्येक जागेला सूर अर्ध्या पायरीने उतरतो. गंमत अशी की या सात जागांवर कसलीही खूण नसते. हार्मोनियमची पट्टी दाबली की सूर निघतोच. ट्रोम्बोनमध्ये बोटभर चूक झाली की सूर घसरला. पंधराव्या शतकापासून हे वाद्य असेच आहे. १८१८ च्या व्हॉल्व्हची त्याला गरजच पडली नाही.

पहिले दोन महिने आमच्या ट्रोम्बोनमधून म्हशीच्या रेकण्यासारखा आवाज येई. ओठ सुजत. सुट्टीत सणसवाडीला येताना पेटी बरोबर आणली तेव्हा मामू घरी आले होते. त्यांनी पेटी उघडली, नळी बाहेर काढली, बोट फिरवून पाहिले आणि म्हणाले, "सूखी है." मग आमच्या अम्मीचे कोल्ड क्रीम मागवले, नळीला पातळ हात दिला, वर पाण्याचे थेंब मारले. नळी लोण्यासारखी सरकू लागली. आम्ही जागा मोजत बसलो होतो. ते म्हणाले, "भांजे, सुर नली में नै रहता, कान में रहता. पहले गा, फिर खींच."

आणि त्यांनी एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तोडता नळी ओढली. ती मींड होती. पितळी बाज्यांत अशी अखंड मींड याच एका वाद्यातून घेता येते. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले गोव्याचे ब्लास्को मोन्सोरात यांचे ट्रोम्बोन ज्यांनी कान देऊन ऐकले असेल, त्यांना हे वाद्य काय बोलू शकते ते ठाऊक असेल. आम्हाला ते त्या दिवशी आमच्या पडवीत कळले. रस्त्यावरून ट्रक जात होते आणि मामू डोळे मिटून वाजवत होते. ज्या माणसाला आम्ही अर्जातून खोडले होते, तोच आमचा उस्ताद निघाला.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. बँड चालू लागतो तेव्हा ट्रोम्बोनवाल्यांना पहिल्या रांगेत उभे करतात. मान म्हणून नव्हे. नळी पुढे जाते तेव्हा पुढच्याच्या पाठीला लागू नये म्हणून. पण पुढे उभा राहणारा चुकला तर मागचे सगळे चुकतात. मिनिटाला १२० पावले, पाऊल तीस इंचांचे, त्यातच श्वास घ्यायचा, त्यातच रांगेवर नजर ठेवायची. तीन वर्षे आम्ही त्या पहिल्या रांगेत चाललो.

त्या रांगेत आम्ही इक्बालांचा 'तराना-ए-हिंदी' वाजवला. हा तराना १९०४ सालचा, म्हणजे आज त्याला सव्वाशे वर्षे व्हायला आली. दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये फौजेचे बँड त्याच्याच धूनवर परत फिरतात. उर्दूच्या तासाला आम्ही तो मुलांना शिकवतो तेव्हा तो वहीत असतो. मैदानावर तो पायांत असतो. भाषेवरून वाद घालणाऱ्यांना हा बाजा कधी खटकला नाही, याची आम्हाला गंमत वाटते.

पितळ आता थकले आहे

आज बँडचे दिवस उतरणीला लागले आहेत. पंचवीस-तीस माणसांच्या पार्ट्या दहा-बारावर आल्या. बेंजो आला, डीजे आला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले; वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरली. पण भिंतीएवढ्या स्पीकरपुढे फुंकून वाजवणारा माणूस हरणारच. २०२० च्या उन्हाळ्यात तर टाळेबंदीने लग्नसराईच गिळली. मामूंची पार्टी तेव्हा मोडली ती पुन्हा जमली नाही. कोणी रिक्षा घेतली, कोणी आमच्याच सणसवाडीच्या कारखान्याच्या दारात पहारेकरी म्हणून उभा राहिला. वर्दी तिथेही आहे, सूर नाही.

शिक्षणाच्या गप्पा मारताना आपण मुलांना डॉक्टर, इंजिनिअर व्हायला सांगतो. जरूर व्हावे. पण ज्या हुनराच्या जोरावर दोन पिढ्यांनी मुलांच्या फिया भरल्या, त्या हुनराची लाज शिकवून आपण कोणती तालीम देत आहोत? आमची बी.एड.ची फी मामूंच्या दोन लग्नसराईंतून भरली गेली, हे आम्ही आज प्रथमच कागदावर लिहीत आहोत.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या घरात, मोहल्ल्यात कोणी बँडमध्ये वाजवत असेल किंवा वाजवून गेला असेल, तर त्याचे नाव, वाद्य, गाव आणि साल लिहून ठेवा. सुपाऱ्यांच्या वह्या रद्दीत घालू नका. मामूंची वही आम्ही मागितली तेव्हा तिची अर्धी पाने वाळवीने खाल्ली होती. उरलेल्या पानांवरची नावे आम्ही उतरवून घेतली आहेत, एकूण एक्केचाळीस. त्यांत सोळा नावे आपली नाहीत. त्यांनी आपल्या लोकांबरोबर एका ताटात खाल्ले आणि एका सुरात वाजवले.

मागच्या २६ जानेवारीला आमच्या शाळेच्या लहानशा बँडमध्ये आम्ही जुना ट्रोम्बोन सातवीतल्या एका लांब हाताच्या मुलाकडे दिला. सूर जरा उतरलेलाच लागला. मामू मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसले होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी त्या मुलाला जवळ बोलावले, नळीवरून बोट फिरवले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "सूखी है. क्रीम ला."